सहलीहून दमून परत येता? मग सुट्टीची मांडणी बदलायला हवी

प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत शिफ्ट इन्चार्ज. पत्नी शाळेत शिक्षिका, दोन मुलं, ७२ वर्षांची आई. दर दिवाळीला सात दिवसांची टूर ठरलेली. गेल्या वर्षी जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर असं राजस्थान झालं, दीड लाख खर्च आला, फोटो छान निघाले. पण कामावर रुजू झाल्यावर चौथ्याच दिवशी चिडचिड, तुटक झोप आणि डोक्यातलं कामाचं दळण होतं तसं परत सुरू. फॅमिली डॉक्टर म्हणतात, मनाला बदल हवा, फिरून या. तर फिरण्याने मनाला खरंच काही मिळतं का? मिळत असेल तर टिकत का नाही? आणि वर्षातून एकदा मोठी सहल करावी की लहान लहान?

मिळतं, आणि बरंच मिळतं. पण ते ठिकाण किती लांबचं आणि किती नावाजलेलं यावर फारसं अवलंबून नसतं. सुट्टीत झोप किती झाली, कामाचा विचार खरोखर थांबला का, आणि दिवस आपल्या मर्जीने गेला की टूर मॅनेजरच्या शिट्टीवर, यावर ते ठरतं. तुमच्या सहलीत या तिन्ही गोष्टी निसटल्या असाव्यात, हे तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच दिसतं.

टिकण्याबद्दल आधी सांगतो, कारण निराशा तिथूनच सुरू होते. नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरदारांची मनःस्थिती सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर वारंवार मोजली. सरासरी २३ दिवसांच्या सुट्टीत लोकांना पहिल्या काही दिवसांतच बरं वाटू लागलं. आठव्या दिवसाच्या सुमारास हा आलेख सगळ्यात वर गेला आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच मूळ पातळीला आला. त्याच गटाने चार-पाच दिवसांच्या छोट्या सुट्ट्याही तपासल्या. त्यांतही मन सुधारलं आणि तिथेही ते लवकर ओसरलं. २०१० साली तिथल्याच दीड हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. सहलीला जाणार असलेले लोक निघण्याआधीच इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. आणि परतल्यावर तो आनंद फक्त त्यांच्यातच टिकलेला दिसला, ज्यांनी आपली सहल ‘अगदी निवांत’ झाली असं सांगितलं.

तेव्हा तुम्हाला चौथ्या दिवशी परत चिडचिड झाली यात तुमच्या मनाचा काही दोष नाही. सुट्टी ही झोपेसारखी किंवा जेवणासारखी आहे, साठवून ठेवता येत नाही. रविवारी पोटभर जेवलो म्हणून शनिवारपर्यंत भागत नाही. वर्षभराची सगळी विश्रांती दिवाळीच्या सात दिवसांवर टाकली की उरलेले एकावन्न आठवडे मन उपाशीच राहतं. माझं मत स्पष्ट आहे: एक मोठी सहल जरूर ठेवा, पण ती एकटी नको. दर दोन-अडीच महिन्यांनी दोन रात्रींची एक सुट्टी आणि दर आठवड्याला काही तास मोकळ्या हवेत, अशी बांधणी केली तर एकूण हिशेबात मनाला कितीतरी जास्त मिळतं. वाट पाहण्याचा आनंदही वर्षातून एकदाऐवजी पाच-सहा वेळा मिळतो, आणि तो फुकट असतो.

शरीर जैसलमेरला, मन शॉप फ्लोअरवर

साबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ साली विश्रांतीचे चार घटक मांडले. कामापासून मनाने सुटणं, अंग-मन सैल होणं, काहीतरी नवं जमल्याचा अनुभव आणि स्वतःच्या वेळेवर स्वतःचा ताबा. चारही महत्त्वाचे आहेत, पण शिफ्टच्या कामात पहिलाच सगळ्यात आधी मोडतो.

मशीन बंद पडलं की फोन येणार, हे डोक्यात असलं की फोन न येताही मन पहाऱ्यावर राहतं. वाळूच्या टेकडीवर बसून दर दहा मिनिटांनी व्हॉट्सअॅप ग्रुप पाहणाऱ्या माणसाला विश्रांती मिळत नाही. त्याने फक्त कामाची जागा बदललेली असते. ‘फोन बंद ठेवा’ हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. तो पाळला जात नाही, आणि पाळला तर धाकधूक आणखी वाढते. त्याऐवजी जबाबदारी नीट सोपवा.

निघण्याच्या किमान चार दिवस आधी चार्ज घेणाऱ्याला एका पानावर लिहून द्या: कुठली ऑर्डर कुठल्या टप्प्यावर आहे, कुठल्या मशीनची कुरकुर चालू आहे, कुठला सप्लायर उशीर करतो, कशासाठी कोणाला विचारायचं. शेवटी लिहा की मला फोन फक्त तीन कारणांसाठी करायचा: अपघात, आग किंवा लाइन पूर्ण थांबणं. शेवटचे दोन दिवस त्याच माणसाला निर्णय घेऊ द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा. काय राहिलं ते तेव्हाच कळतं. मग ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, नाहीतर वर दिसणारा लाल आकडा खुणावत राहतो. ऑफिसचा मेल फोनवरून काढून टाका. अगदीच राहवलं नाही तर संध्याकाळी एक ठरलेली पंधरा मिनिटं ठेवा. सकाळी नको, कारण सकाळी वाचलेला एक मेसेज दिवसभर डोक्यात फिरतो. झोपण्याआधीही नको.

चार दिवस आधी यासाठी म्हटलं, की बहुतेकांचा निघण्याआधीचा आठवडाच सगळ्यात वाईट जातो. सुट्टीआधी कामाचा भार वाढतो आणि तब्येत व मनःस्थिती दोन्ही घसरतात, हे मोजून पाहिलं गेलं आहे. रात्री बारापर्यंत काम, मग बॅगा, मग पहाटे तीनला गाडी, असा निघालेला माणूस पहिले दोन दिवस डोकेदुखी, सर्दी नाहीतर तापात घालवतो. सुट्टी लागली की आजारी पडणाऱ्यांचा अभ्यास नेदरलँड्समध्येच आड फिंगरहूट्स यांनी केला आहे. सोपा उपाय असा: रजेचा पहिला दिवस घरीच काढा. गजर न लावता झोपा, दुपारी शांतपणे बॅगा भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. रात्रपाळीचा आठवडा असेल तर हे सक्तीचं समजा. रात्रपाळी उतरून तसंच कसारा घाटात गाडी घालू नये. झोप न झालेल्या माणसाची डुलकी त्याला सांगून येत नाही.

राजस्थानात नेमकं काय चुकलं

जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर असा तुमचा कार्यक्रम होता. जयपूर ते जोधपूर साधारण साडेतीनशे किलोमीटर, जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे, जैसलमेर ते उदयपूर पाचशेच्या आसपास. म्हणजे अकराशे किलोमीटर, वीस-बावीस तास गाडीत, आणि नाशिकहून जाण्या-येण्याचे त्यात धरलेले नाहीत. रोज सकाळी सहाला उठून बॅगा भरायच्या, नाश्ता घाईत, किल्ला उन्हात, रात्री नवी खोली.

नव्या खोलीचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण तो महत्त्वाचा आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचे दोन्ही अर्धगोल सारखे झोपत नाहीत. डावा भाग उथळ झोपतो आणि बारीकशा आवाजालाही प्रतिसाद देतो, जणू राखण करतो. पुढच्या वेळी त्याच जागी हा फरक उरत नाही. आता दर दीड दिवसाला हॉटेल बदलणाऱ्या सहलीचा हिशेब करा. सात रात्रींपैकी चार रात्री ‘पहिल्या’ होत्या. खोलीचं भाडं कितीही असलं तरी झोप अर्धीच झाली.

त्याच सात दिवसांत एकट्या उदयपूरला चार-पाच रात्री काढल्या असत्या तर? एक दिवस कुंभलगड, ते तिथून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरवर. एक दिवस नुसता तलावाकाठी. एक दिवस मुलांच्या मनाचा. जैसलमेर राहिलं असतं, हे खरं. राहू द्यावं. ‘एवढ्या लांब आलोय तर तेही बघून घेऊ’ हे वाक्य मराठी घरातल्या सहलींचं सगळ्यात मोठं नुकसान करतं. त्यामागे पैसे वसूल करण्याची भावना असते आणि ती वाईट नाही, पण मनाच्या विश्रांतीशी तिचं जमत नाही.

आखताना काही मापं पाळा. एका जागी किमान दोन रात्री, जमल्यास तीन. प्रवासाचा दिवस सोडला तर रोज गाडीत तीन तासांपेक्षा जास्त नको. दिवसाला ठरवलेली एकच गोष्ट, तीही दुपारच्या जेवणाआधी. नंतरचा वेळ कोरा. स्वतःची उशी, निदान उशीचा अभ्रा आणि पांघरायची चादर बरोबर न्या, ओळखीच्या वासाने आणि स्पर्शाने झोप लवकर लागते. झोपायच्या-उठायच्या वेळा घरच्यापेक्षा तासाभराहून जास्त हलवू नका. चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद. दारूबद्दल एवढंच: ती झोप आणते, पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते. सुट्टीतल्या रोजच्या पिण्यामुळे सकाळी येणारी अस्वस्थता पुष्कळ लोक ‘घरी जायचं म्हणून वाईट वाटतंय’ असं समजतात.

घरातल्या बाईला सुट्टी मिळते का

सुट्टीने मन ताजं व्हायला वेळेवर स्वतःचा ताबा हवा, असं वर म्हटलं. आता तुमच्या घरात पाहा. निघण्याआधी दशम्या-चिवडा कोणी केला, आईंच्या गोळ्या कोणी मोजून भरल्या, मुलांचे कपडे कोणी मोजले, प्रवासात ‘भूक लागली’ कोणाला सांगितलं गेलं, आणि परतल्यावर सात दिवसांचे कपडे कोणी धुतले? सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर घरातले चार जण सुट्टीवर गेले होते आणि एक जण वेगळ्या गावात ड्यूटीवर. चिडचिड ही एका माणसात राहत नाही, ती घरभर पसरते. तुमच्या चौथ्या दिवसाच्या चिडचिडीत तिच्या थकव्याचाही वाटा असू शकतो.

कामं आधी कागदावर लिहून वाटून घ्या, तोंडी नको. औषधं आणि आईंचं सामान तुमच्याकडे. आपापल्या बॅगा मुलांकडे, आठ वर्षांचं मूल यादी पाहून स्वतःची बॅग भरू शकतं. पाण्याच्या बाटल्या, चार्जर, तिकिटं दुसऱ्या मुलाकडे. कोरडा खाऊ विकतचा चालेल. परतल्यावर पहिल्या रात्री मुगाची खिचडी, तीही तुम्ही करायची, आणि कपड्यांची मोठी पिशवी सरळ लाँड्रीत. सहलीतला एक अर्धा दिवस पत्नीने पूर्ण एकटीने घालवावा. झोपेल, बाजार फिरेल, काहीही करेल, विचारायचं नाही. असाच अर्धा दिवस तुम्हालाही. चोवीस तास एकत्र राहिलं म्हणजे जवळीक वाढते असं नाही. एका खोलीत पाच जण सात दिवस राहिले की भांडणं व्हायचीच, आणि ती प्रेम कमी म्हणून होत नाहीत, जागा कमी म्हणून होतात.

आईंनाही विचारा, कुठे जायचं आहे. बहुतेक वेळा उत्तर देवदर्शन असतं आणि तरुण मंडळी ते सुट्टीत धरत नाहीत. खरं तर ओळखीचा देव, ओळखीची आरती आणि बरोबरीच्या बायकांशी गप्पा यांनी ७२ व्या वर्षी मन जेवढं हलकं होतं, तेवढं जोधपूरच्या किल्ल्याच्या चढावर होणार नाही. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रुळांवरून वर नेणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, गुडघ्यांना पायऱ्यांचा त्रास नाही. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र टाळून साध्या बुधवारी-गुरुवारी न्या. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, आणि ७५ पूर्ण झाली की प्रवास मोफत. विसराळूपणा वाढलेला असेल तर नव्या जागी रात्री गोंधळ वाढतो. खोलीत मंद दिवा, बाथरूमचं दार उघडं, घरचीच चादर आणि जेवणाची घरचीच वेळ एवढं सांभाळा.

नाशिककराला लांब जायची गरजच किती?

इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात असं दिसलं, की आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. एकदम दोन तास की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. स्टॅनफर्डमधल्या २०१५ च्या प्रयोगात ९० मिनिटं झाडीतून चाललेल्यांचं ‘तेच ते दळणं’ कमी झालं आणि त्या दळणाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली; तेवढाच वेळ वाहत्या रस्त्याकडेने चाललेल्यांत तसं झालं नाही. कारण काय? कामात आपण लक्ष ओढून-ताणून एका जागी धरतो आणि ते धरून ठेवण्याची ताकद दमते. पाणी, पानं, ढग, पक्षी यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, धरावं लागत नाही. तेवढा वेळ ती दमलेली ताकद विसावते. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने मांडलेला हा विचार आज बहुतेक अभ्यासक आधाराला घेतात.

आता नाशिकचं भाग्य पाहा. पांडवलेणी शहराला लागूनच, वीसेक मिनिटांची चढण, वर २४ लेणी आणि खाली नेहरू वनोद्यान. सकाळी जा, हेडफोन नको, लवकर उतरायची घाई नको. गंगापूर धरणाचा काठ आहे. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक रोजच्या अर्ध्या तासाला पुरतो. गोदाघाट मात्र पहाटेच. दिवसा तिथली गर्दी आणि हॉर्न यांनी वरचा सगळा हिशेब उलटा होतो.

अर्ध्या दिवसासाठी नांदूरमध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचं हे पाणपक्ष्यांचं अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२० साली जाहीर झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्षी असतात. सूर्योदयाला चापडगावच्या मनोऱ्यापाशी पोहोचायचं तर नाशिकहून पहाटे पाचला निघा. एक ८×४२ची दुर्बीण घरात असावी. १०×५०ची जड पडते आणि मुलांच्या हातात हलते. पक्षी ओळखायला शिकणं हे मघाच्या चार घटकांतलं ‘नवं काही जमणं’ आहे. पहिल्या फेरीत फक्त पाच पक्षी ओळखायचे असं ठरवा. वारकऱ्यासारखं दर हिवाळ्यात तिथेच परत गेलात तर आणखी छान, ओळखीच्या जागी मन लवकर सैल होतं.

दोन रात्रींसाठी भंडारदरा, नाशिकहून साधारण सत्तर किलोमीटर. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे दिसतात, पण त्याच शनिवार-रविवारी तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. काजव्यांच्या झाडाखाली हेडलाइट लावून उभी गर्दी पाहून मन शांत होत नाही आणि काजव्यांचंही नुकसान होतं. सोमवार-मंगळवार गाठा. पावसाळ्यात रविवारी हरिहर किल्ला नको. त्या खड्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात आणि विश्रांतीसाठी गेलेला माणूस कड्यावर जीव मुठीत धरून तासभर उभा राहतो. कळसूबाई, १६४६ मीटर, तुम्हाला जमेल आणि मोठ्या मुलालाही. पण आधी महिनाभर चालण्याची सवय हवी, नाहीतर पुढचे चार दिवस गुडघेच आठवतील. अंजनेरी त्या मानाने सोपा आहे आणि वरचं पठार मोठं, मोकळं आहे.

इगतपुरीच्या विपश्यनेबद्दल लोक हमखास विचारतात. तिथल्या धम्मगिरी केंद्राचं दहा दिवसांचं शिबिर ही सुट्टी नव्हे. पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवशी सकाळपर्यंत मौन, फोन जमा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक. शुल्क नसतं, नंतर ऐच्छिक दान. पुष्कळांना त्याचा मोठा लाभ होतो. पण घरात भांडण झालं, झोप उडाली म्हणून घाईने जाऊ नये. तीव्र नैराश्य, बायपोलर आजार, कधी काळी झालेला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) असेल तर आपल्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय जाऊ नये, आणि अर्जात ते लपवूही नये.

द्राक्षवाल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ‘आम्हाला कुठली सुट्टी’ हे निफाड-दिंडोरीकडून नेहमी ऐकू येतं. माल उतरल्यावर तुम्ही बागेला विश्रांती देऊनच एप्रिलची खरड छाटणी धरता. वेलीत साठा झाला नाही तर फूट कमजोर निघते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. तेच पंधरा दिवस घरातल्या माणसांचेही आहेत. दुसरी फट पोळ्याच्या आसपास, गोडी छाटणीची धांदल सुरू व्हायच्या आधी. आगाप म्हणजे लवकर छाटणी करणाऱ्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्याचं गणित वेगळं, तिथे माल निघाल्यानंतरचाच वेळ धरावा. भाव पडलेल्या वर्षी तर जास्तच धरावा. तेव्हाच घराबाहेर पडायला नको वाटतं आणि तेव्हाच माणूस एकटा पडतो.

परतणं

परतायचा दिवस रविवार ठेवू नका. रविवारी रात्री घाटातल्या रांगेत अडकून बाराला घरी आणि सोमवारी सातच्या शिफ्टला हजर, यात सगळ्या सुट्टीची कमाई एका रात्रीत जाते. मन एखादा अनुभव आठवतं तेव्हा त्यातला सगळ्यात उत्कट क्षण आणि शेवट यांना जास्त वजन देतं. शेवट रडका असेल तर सहलच रडकी आठवते. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी दुपारी या, रविवार घरी. सकाळी सगळ्यांनी मिसळ खायला बाहेर जावं, दुपारी झोपावं.

रजा एक-दोन दिवस वाढवता आली तर कामाचा पहिला दिवस आठवड्याच्या मधला असावा, म्हणजे लगेच दोन-तीन दिवसांत साप्ताहिक सुट्टी येते. पहिले दोन तास मीटिंग नको. चार्ज सांभाळणाऱ्याकडून वीस मिनिटांत तोंडी अहवाल घ्या, मग तुंबलेले मेसेज नव्याकडून जुन्याकडे वाचा, निम्मे परस्पर मिटलेले असतात. पहिल्या आठवड्यात ओव्हरटाइम घेऊ नका. सहलीत सकाळी चालायची सवय लागली असेल तर वीस मिनिटं का होईना चालू ठेवा. पुढच्या छोट्या सुट्टीची तारीखही याच आठवड्यात कॅलेंडरवर लिहा.

फिरणं औषध नसतं तेव्हा

‘फिरून या’ हा सल्ला थकलेल्या मनाला चालतो, आजारी मनाला नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टींतही रस नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नसेल, भूक किंवा वजन बदललं असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग तिकीट. नैराश्यातल्या माणसाला डोंगर आणि समुद्रही फिके दिसतात आणि वर ‘घरच्यांनी एवढा खर्च केला तरी मला बरं वाटत नाही’ ही अपराधी भावना चढते. त्याला घराजवळ, दोन तासांत परत येता येईल अशा जागी न्यावं आणि ‘बघ किती छान आहे’ असं सारखं विचारू नये. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नका; टेली-मानस, १४४१६, हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीतूनही बोलता येतं.

आधीपासून औषधं चालू असतील तर सुट्टीत ती थांबवू नका. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच बंद केलेली नैराश्याची गोळी दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, बेचैनी आणू शकते. सहलीच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त औषधं घ्या, निम्मी जवळच्या पिशवीत, निम्मी दुसऱ्या बॅगेत, चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. बायपोलर आजारावर लिथियम घेणाऱ्यांनी उन्हात पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नये, आणि अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नये. दोन्हींमुळे रक्तातलं लिथियमचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. बायपोलर आजारात रात्रभराचा प्रवास टाळा, एका रात्रीची गेलेली झोपसुद्धा उन्मादाचा झटका सुरू करू शकते. घाटात मळमळीची गोळी लागत असेल तर बाकीच्या औषधांबरोबर ती चालते का हे डॉक्टरांना आधी विचारा, कारण अशा बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते.

आता तुमचा दीड लाख. हप्त्यावर किंवा क्रेडिट कार्डावर केलेली सहल मला मुळीच पसंत नाही. परतल्यावर पुढचे दहा महिने दर पाच तारखेला ती सहल ताण देते. पैसे साठलेले असतील तर माझी मांडणी अशी: ऐंशी हजारांत दिवाळीनंतरची एक सहल, आठ-नऊ दिवसांची, एकाच किंवा दोन मुक्कामांची. भाऊबीज घरी करा आणि तिसऱ्या दिवशी निघा. शाळांना तेव्हा बहुधा सुट्टी असते (तारखा आधी पाहा) आणि पहिल्या आठवड्याची गर्दी ओसरू लागलेली असते. चाळीस हजार चार छोट्या सुट्ट्यांसाठी. त्यांतली एक आईंच्या मनाची, एक फक्त तुम्हा दोघांची. उरलेले तीस हजार तसेच ठेवा, अचानक तब्येतीला लागतात आणि ते बाजूला आहेत या जाणिवेनेही झोप चांगली लागते.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तारखा त्याच्याही महिनाभर आधी पक्क्या हव्यात. चार छोट्या सुट्ट्यांच्या तारखा मोठीच्या आधी ठरवा आणि रजेचा अर्ज पाचही तारखांसह एकदम लेखी द्या. एकेक करून मागितलेली छोटी रजा प्रॉडक्शनच्या कारणाने हमखास पुढे ढकलली जाते, आणि ढकलली गेलेली रजा बहुतेक वेळा परत मिळत नाही.